तेरा फुटांच्या पळत्या घरातील संसार

अमेरिकेला जाऊन आलेली आपली मंडळी नायगाराचे, डिस्नेलँडचे आणि न्यूयॉर्कच्या उंच इमारतींचे वर्णन करतात. ते ऐकून ऐकून आता आपल्याला पाठ झाले आहे. म्हणून मी थोडे वेगळे सांगणार आहे. २०२२ च्या ऑक्टोबर महिन्यात आम्ही दोघे, मुलगी, जावई आणि आठ वर्षांचा नातू असे पाच जण आरिझोना राज्यात सात दिवस हिंडलो, ते एक छोटा कॅम्पर ट्रेलर घेऊन. कॅम्पर ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे चाकांवरचे घर. त्यात झोपायला बिछाना असतो, दोन शेगड्यांचा ओटा असतो, हात धुण्याचे भांडे, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी, सगळे असते. नसते ती फक्त जागा! त्या नसलेल्या जागेत पाच माणसांचा संसार कसा बसवला, हे आपल्या भगिनींना वाचायला आवडेल असे वाटते.

कारण या विषयात आपण कोणाला हार जाणाऱ्या नाही. मी लग्न होऊन नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आले, तेव्हा घरात सात माणसे होती आणि खोली १६० चौरस फुटांची. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या या चाळी. त्या एका खोलीत मोरी, पाण्याचे पिंप, भांड्यांची मांडणी, कॉट, कॉटखाली ट्रंका, ट्रंकांच्या मागे धान्याचे डबे आणि वर माळा. माळ्यावर काय नव्हते ते विचारा! खुंटीला पिशवी, पिशवीत पिशवी. सासूबाई म्हणत, ज्या वस्तूला जागा नाही ती घरात आलीच कशी? असो.

आता हा ट्रेलर पाहा. त्याला तेरा फुटी म्हणतात, पण त्यात पुढची लोखंडी जोडदांडीही मोजलेली असते. आत राहण्याची लांबी साधारण १० फूट आणि रुंदी साडेसहा फुटांच्या आसपास. म्हणजे चाळीतल्या आमच्या खोलीच्या निम्मीही जागा नाही. बाहेरून तो पांढऱ्या अंड्यासारखा दिसतो. फायबर ग्लासची दोन कवचे, एक खालचे आणि एक वरचे, मध्यावर जोडलेली. सांधे कमी म्हणून गळतीही कमी. या घाटाचे ट्रेलर कॅनडातील विनिपेग शहरात रे ओलेको नावाच्या गृहस्थाने १९६८ मध्ये 'बोलर' या नावाने बाजारात आणले. त्याआधी तो फायबर ग्लासच्या सेप्टिक टाक्यांच्या कामात होता म्हणे! पुढे अमेरिकेतही तसे ट्रेलर निघाले आणि आजही निघतात. आमचा भाड्याने घेतलेला होता. रात्री मागच्या बिछान्यावर आम्ही दोघे, पुढच्या बाकावरच्या झुल्यासारख्या फळीवर नातू, आणि मुलगी-जावई शेजारी तंबूत, अशी झोपण्याची व्यवस्था ठरली. चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचे नाही. प्रवासात सगळे पुढच्या मोटारीत.

सामान भरायला सुरुवात केली तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, चाळीतला माळा भरल्यासारखं भरायचं नाही बरं का. हे घर पळतं."

तिच्या या एका वाक्यात सगळे आले. आपली खोली एका जागी उभी असते, त्यामुळे कोपरा दिसला की भरायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेले. पळत्या घराचा हिशेब जागेपासून सुरू होत नाही, तो वजनापासून सुरू होतो. दाराजवळ एक पिवळी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर किती किलोपर्यंत सामान चालेल ते छापलेले होते. आमच्या ट्रेलरला ३१० किलो. वाटते पुष्कळ आहे! पण पाण्याची टाकी ४५ लिटरची, म्हणजे भरल्यावर ४५ किलो त्यातच गेले. बिछाने, खुर्च्या, तंबू, भांडी, शिधा, कपडे असे एकेक धरत गेलो तर मोकळे कोपरे दिसत असतानाच वजन संपते. हायवेवर मालमोटारींच्या थांब्यांवर वजनकाटे असतात. थोडे पैसे भरून तिथे कोणालाही आपली गाडी मोजून घेता येते. जावयांनी सामान भरल्यावर आधी तेच केले.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन किती यापेक्षाही ते कुठे. आमचे हे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यात लहानपणी बैलगाडी हाकलेले. जावई त्यांना समजावू लागले की बाबा, मागे जड झाले की ट्रेलर शेपूट हलवल्यासारखा डोलू लागतो. हे लगेच म्हणाले, "म्हणजे गाडी उलाळ होते. त्यात काय सांगायचंय?" बैलगाडीत मागच्या बाजूला पोती जास्त झाली की जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळतात. पुढे जास्त झाली की त्यांच्या माना दबतात. ट्रेलरचे शास्त्र अगदी हेच. जोडदांडीवर, म्हणजे मोटारीच्या मागच्या गोळ्यावर, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या शेकडा १० ते १५ इतका भार यावा असा नियम आहे. आमचा भरलेला ट्रेलर ८५० किलोच्या आसपास होता, म्हणजे दांडीवर ८५ ते १२५ किलो. त्यासाठी जड सामान चाकांच्या जवळ आणि थोडे पुढे, तेही खाली जमिनीलगत ठेवायचे. अगदी मागे हलके. पुष्कळ लोक मागच्या टोकाला सायकली लटकवून निघतात, ते मला तरी पटले नाही. फ्लॅगस्टाफच्या चढावर एक लांबलचक मालमोटार आमच्या शेजारून वेगाने गेली तेव्हा तिच्या वाऱ्याने आमचे अंडे क्षणभर हलले. जावयांनी ब्रेक दाबला नाही, फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, आणि गाडी आपोआप स्थिर झाली. डोलणाऱ्या ट्रेलरला जोरात ब्रेक मारणे सर्वात वाईट, असे ते नंतर म्हणाले. नातू मागच्या सीटवर झोपला होता. त्या क्षणी माझ्या मनात एकच आले, डाळ-तांदूळ खाली चाकांजवळ ठेवले आहेत ते बरे.

आता प्रत्यक्ष मांडणी सांगते. बाकांच्या खाली झाकणाचे खण असतात. चाकांजवळच्या खणात तांदूळ, पीठ, डाळी, कांदे-बटाटे, डबाबंद पदार्थ आणि हत्यारांची पेटी. वरच्या कपाटांत फक्त हलके, म्हणजे टॉवेल, नातवाचे कपडे, पापड, पाव, कागदी रुमाल. वरच्या कपाटात काचेची बरणी किंवा तव्यासारखी वस्तू कधीही ठेवू नये, धक्क्याने दार उघडले की ती थेट खाली येते. दारांच्या मुठींतून आम्ही एक लाकडी दांडी आडवी सरकवली होती. दोन रुपयांची युक्ती, पण सात दिवसांत एकही दार उघडले नाही.

गोल डबे मुलीकडेच ठेवले. आपले स्टीलचे गोल डबे कितीही सुंदर असले तरी चौकोनी खणात ते शंभरातली एकवीस भाग जागा कोपऱ्यांत फुकट घालवतात. हे जावयांनी कागदावर गणित मांडून दाखवले. त्याऐवजी चौकोनी, झाकणाचे, एकावर एक बसणारे प्लॅस्टिकचे डबे घेतले. मसाल्याचा गोल डबा मात्र मी सोडला नाही! तो तीन लिटरच्या कुकरमध्ये बरोबर बसतो, भोवती दोन फडकी गुंडाळली की वाजतही नाही. प्रवासात कुकर हे रिकामे भांडे नसून एक कपाट आहे असे समजावे. तसेच पातेल्यात पातेले, त्यात वाट्या, वर झाकण म्हणून ताट. तेलाच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांना जुने मोजे घातले. फुटायचे भय नाही, ओघळ आला तर मोजा पितो.

सुटकेसेस मुळीच नेल्या नाहीत. टणक सुटकेस रिकामी झाली तरी तेवढीच जागा अडवते, कापडी पिशवी माणसासारखी अंग चोरते. प्रत्येकाला एक पिशवी, सगळ्यांना सारखी, नातवालाही. ह्यांनी चार जाड पुस्तके काढली होती, त्यातली दोन पिशवीत बसली, दोन परत कपाटात गेली. थोडी कुरबुर झाली, पण नियम तो नियम. पांघरुणांचे मात्र चाळीतलेच तंत्र कामी आले. रजया आणि ब्लँकेटे सकाळी घड्या करून मोठ्या अभ्र्यांत कोंबायची, की दिवसभर त्याच बाकावरच्या लोडउशा. वळकटीला जागा लागली नाही.

एक क्रम मात्र पाळावा लागतो. मुक्कामाला पोचल्यावर जे आधी लागते ते शेवटी भरायचे. चाकांना लावायचे अडसर, ट्रेलर समपातळीवर आणायच्या फळ्या, पाण्याची नळी आणि टॉर्च हे दाराजवळच हवे. अंधारात पोचून टॉर्चसाठी सगळा संसार उपसायचा म्हणजे कठीणच.

फिनिक्स शहर समुद्रसपाटीपासून ११०० फुटांवर, तिथे ऑक्टोबरातही दुपारी आपल्या नागपूरसारखे ऊन. फ्लॅगस्टाफ ७००० फुटांवर, देवदारासारख्या उंच पाइन वृक्षांच्या जंगलात. दोनअडीच तासांत एवढे चढल्यावर आमच्या चिवड्याच्या बंद पुड्या फुग्यासारख्या टरारून फुगल्या होत्या. वर हवेचा दाब कमी होतो त्याचा हा परिणाम. म्हणून पातळ पदार्थांच्या बाटल्या काठोकाठ भरू नयेत आणि वर पोचल्यावर झाकण हळूच उघडावे.

ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर मॅथर कॅम्पग्राउंडमध्ये आमचा तीन रात्रींचा मुक्काम. दरी २७७ मैल लांब, सुमारे एक मैल खोल, आणि काही ठिकाणी १८ मैल रुंद. आकडे आधीच वाचले होते, तरी पहिल्यांदा कड्यावर उभे राहिले तेव्हा आकड्यांचा काही उपयोग झाला नाही. खाली कोलोरॅडो नदी आहे हे सांगावे लागते, इतकी ती बारीक. संध्याकाळी थरांचे रंग तांबड्याचे जांभळे होतात आणि सावली खालून वर चढत येते. हे कठड्याला धरून अर्धा तास गप्प उभे होते. ते कधी गप्प बसत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले.

कॅम्पग्राउंडच्या जागांना वीज किंवा नळजोड नाही. सामायिक नळावरून पाणी आणायचे आणि भांडी धुतलेले पाणी साठवून ठरलेल्या ठिकाणीच ओतायचे. अंघोळीला आणि कपडे धुवायला पैसे भरून वेगळी सोय आहे. झाडांतून एल्क नावाची सांबरापेक्षाही थोराड हरणे निवांत फिरतात. पण खरी भीती खारींची. बाहेर ठेवलेली पिशवी त्या कुरतडतात आणि हाताने खाऊ देणाऱ्याला कडकडून चावतात. खाण्याची एकही वस्तू बाहेर ठेवायची नाही, म्हणजे पुन्हा आतच जागा हवी.

शेजारच्या जागेत एक वृद्ध अमेरिकन जोडपे आमच्यासारख्याच अंड्यात उतरले होते. वर्षातले सहा महिने ती दोघे त्यातच राहतात. बाईंनी मला आत बोलावून दाखवले. मी भरगच्च कपाटांची अपेक्षा केली होती, तर एक कपाट चक्क रिकामे! मी खुणेने विचारले, हे का? त्या म्हणाल्या की ओले कपडे आले, आजारपण आले, पाऊस आला तर हातातली वस्तू क्षणभर ठेवायला जागा हवी ना. मुलीने मला भाषांतर करून सांगितले. चाळीत आमच्याकडे अशी रिकामी जागा कधी नव्हती, आणि पाहुणा आला की काय तारांबळ उडे ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याच संध्याकाळी आम्ही वरचे एक कपाट मोकळे केले.

काही जागा तर मोकळ्या सोडल्याच पाहिजेत, त्यात हौस नाही, जिवाचा प्रश्न आहे. जमिनीलगत भिंतीवर एक छोटी डबी असते, ती गॅस गळतीची सूचना देते. हा प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो खाली साचतो आणि म्हणून डबी खाली. तिच्यासमोर चपलांची पिशवी ठेवली की ती आंधळी झाली. फ्रीज आणि हीटर यांच्या जाळ्यांपुढेही काही टेकवू नये. आणि थंडी कितीही असो, खिडकीची फट उघडी ठेवावी. रात्री तापमान शून्याच्या आसपास गेले होते. तीन माणसांच्या श्वासाने सकाळी भिंती ओल्या झालेल्या. कपाटे भिंतीला चिकटवून गच्च भरली असती तर कपडे दमट होऊन वास मारू लागले असते. गादीही रोज उचलून तिच्या खाली वारा लागू द्यावा लागतो.

ह्यांना मधुमेह आहे, रोज इन्शुलिन. ट्रेलरच्या फ्रीजमध्ये थंडीच्या पट्ट्यांना लागून ठेवलेली वस्तू गोठू शकते, आणि एकदा गोठलेले इन्शुलिन निकामी होते, मग ते वितळले तरी वापरू नये. उघडलेले पेन साधारणपणे नेहमीच्या खोलीच्या तापमानात काही आठवडे चालते, त्याची मुदत सोबतच्या कागदावर पाहावी. पण बंद मोटारीत उन्हात ते मुळीच ठेवू नये. म्हणून न उघडलेली पेने फ्रीजच्या दाराच्या कप्प्यात, फडक्यात गुंडाळून, आणि वापरातले पेन माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. सोबत बिस्किटे आणि साखर. ही पिशवी कोणत्याही खणात गेली नाही, सातही दिवस माझ्याजवळ. सगळ्या मांडणीत तिला पहिले स्थान.

चौथ्या दिवशी डेझर्ट व्ह्यूच्या रस्त्याने पूर्वेकडे उतरून कॅमरून गावावरून पेजकडे निघालो. हा सगळा प्रदेश नवाहो या तेथील मूळ रहिवाशांचा. त्यांचे राखीव क्षेत्र महाराष्ट्राच्या पावपटीपेक्षा थोडेच कमी आहे. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने या लोकांना घरेदारे सोडायला लावून शेकडो मैल पायी न्यू मेक्सिकोत नेले, त्याला ते 'लाँग वॉक' म्हणतात. १८६८ च्या तहानंतर ते परत आले. रस्त्यावर जुन्या पिकअप गाड्या दिसत होत्या आणि त्यांच्या मागे प्लॅस्टिकच्या मोठ्या टाक्या बांधलेल्या. मला वाटले शेतीचे औषध असेल. जावई म्हणाले, "नाही आई, हे घरचं पिण्याचं पाणी." नवाहोंच्या पुष्कळ घरांना आजही नळ नाही. मैलोन् मैल जाऊन पाणी भरून आणायचे, पिंपात साठवायचे, मोजून वापरायचे. कोलोरॅडो नदी त्यांच्या हद्दीच्या कडेने वाहते, आणि पेजजवळ ७१० फूट उंच ग्लेन कॅन्यन धरण बांधून तिचे पाणी अडवलेले आहे. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की १८६८ च्या तहाप्रमाणे नवाहोंसाठी पाणी मिळवून देण्याची पावले उचलणे सरकारवर बंधनकारक नाही. नऊ न्यायाधीशांपैकी पाच एका बाजूला, चार दुसऱ्या बाजूला.

आमची ४५ लिटरची टाकी आम्हाला सात दिवसांची गंमत होती. एका तांब्यात दात घासणे आणि तोंड धुणे, तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांड्यांचा पहिला हात, असे नातू मोठ्या उत्साहाने करत होता. त्या टाक्या पाहिल्यावर त्याने विचारले, "आजी, यांची सुट्टी कधी संपते?" मी त्याला काय सांगणार? मी त्याला चाळीतल्या पहाटेच्या नळाबद्दल सांगितले. कॉमन नळावरच्या हंड्यांच्या रांगेबद्दलही सांगितले. तो ऐकत राहिला.

परत आल्यावर ट्रेलर रिकामा करताना मुलीने तीन ढीग केले. रोज वापरलेले, एकदाच वापरलेले आणि हातच न लागलेले. तिसऱ्या ढिगात इस्त्रीचे कपडे, जादा चादरी, दोन कढया आणि कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड निघाला, सगळे मिळून वजन २२ किलो भरले. तिने लगेच वहीत यादी करून ठेवली, पुढच्या खेपेला हे घ्यायचे नाही म्हणून. इन्शुलिन, टॉर्च, कुकर आणि ह्यांची दोन पुस्तके पहिल्या ढिगात होती.

ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी हा प्रवास जरूर करावा. मॅथरची जागा सहा महिने आधी नोंदवता येते आणि चांगल्या दिवसांत ती लवकर भरते. वरच्या फळीवर झोपणारे मूल असेल तर फळीला बाजूने जाळी आहे का ते आधी पाहून घ्यावे. आणि गरम कपडे वरच्या कपाटात न ठेवता हाताशी ठेवावेत, कारण त्या कड्यावर सूर्य मावळला की थंडी जराही वाट पाहत नाही.